घरचंच रक्त

चार नंबरची चिप आणि नऊ नंबरची चिप एकमेकींशी इतक्या कशा जुळतात, हे मैना आत्रामला आधी उमगलं नाही. उमगलं तेव्हा, न उमगतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

तिने दोन्हींचे आलेख पडद्यावर एकावर एक ठेवून पाहिले. चढ तोच, उतार तोच, मधे एके दिवशी पेशींनी खाल्लेली गटांगळीसुद्धा तीच. चार नंबर म्हणजे तिच्या काकाची मुलगी रत्ना. नऊ नंबर म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण सगुणा, घरातली सगू. चुलत बहिणींचे आलेख असे कधी बसत नाहीत. सख्ख्यांचेही बसत नाहीत. असे आलेख एकाच माणसाचे असतात.

मैना जिन्यात गेली आणि तिने रत्नाला फोन लावला.

"रत्ना, त्या दिवशी चावडीत सगूनं रक्त देल्लं होतं ना?"

"सगू कशी देईन? तिले पाळी आली होती, ते तं बाहेरच्या खोपडीत बसली होती. चावडीत कशी येईन?"

"मंग तिच्या नावाची नळी?"

"मीनंच देल्ली. एक माही, मंग मांगून एक तिची. तू तिकडं नायकासंग बोलत होती. घरचंच रक्त होय ना बाप्पा, एकच तं आहे. काहून, कमी पडलं का?"

"नाही, पुरलं," मैना म्हणाली आणि फोन ठेवला. रक्त घ्यायला आलेल्या नागपूरच्या नर्सला पोडातल्या सगळ्या पोरी सारख्याच दिसत होत्या. एकच पोरगी दोनदा समोर येऊन बसली, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. पण मैनाला तरी कुठे आलं होतं?

कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. मैनाचं मोहदरा पोड यवतमाळ जिल्ह्यात, जंगलाच्या कडेला. पोडाच्या मधोमध चावडी. पोडाचा जो काही निर्णय व्हायचा तो तिथे, सगळ्यांनी बसून. तिथे माणसं मोजत नाहीत, घरं मोजतात. घरातलं कुणी एक हजर असलं म्हणजे घर हजर. त्याने हो म्हटलं म्हणजे घराने हो म्हटलं. ही पद्धत चांगली की वाईट, याचा काथ्याकूट शहरातल्यांनी खुशाल करावा. तिच्या जोरावर पोड कित्येक पिढ्या टिकलं होतं, एवढं खरं.

आणि पोडात सिकलसेलही तितकाच जुना. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हाडं आतून कुणी पिळावीत तशी दुखतात. दोष असतो जनुकातल्या एका अक्षराचा. आईबाप दोघांकडून तो दोष आला की मूल आजारी. पोडात अशी नऊ माणसं होती. त्यांतल्या दोघी मैनाच्याच घरात.

ते एक अक्षर दुरुस्त करणारं इंजेक्शन आता निघालं होतं. एकच सुई, औषध हाडांतल्या मज्जेत पोचतं, आणि जिथे रक्त तयार होतं तिथेच चूक सुधारतं. अडचण एवढीच, की काही थोड्या माणसांत ते चुकीच्या जागी कात्री चालवतं. त्यातून एखादी पेशी बेताल होते, वाढत राहते, आणि काही वर्षांनी रक्ताचा कर्करोग होतो. कुणाच्या बाबतीत असं होईल, हे आधी सांगता येत नव्हतं. चिपमुळे ते सांगता येऊ लागलं.

चिप पोस्टाच्या तिकिटाएवढी. माणसाच्या नळीभर रक्तातून काही पेशी वेगळ्या काढून तिच्यावर वाढवल्या, की त्याच्या मज्जेचा एक चिमुकला तुकडा तयार होतो. इंजेक्शन आधी त्या तुकड्याला द्यायचं. खास खुराकावर तिथल्या पेशी इतक्या झपाट्याने वाढतात, की चिपवरचा एक आठवडा म्हणजे माणसाचं साधारण एक वर्ष. आठ आठवड्यांत बेताल पेशी दिसली नाही, तर त्या माणसाला सुई द्यायला हरकत नाही. थोडक्यात, माणसाच्या वाट्याचं भविष्य आधी चिपने भोगायचं.

मोहदऱ्याच्या नऊच्या नऊ चिपा साफ निघाल्या होत्या. सगळी प्रयोगशाळा मैनाची पाठ थोपटत होती. आणि आता कळत होतं, की सगूच्या मज्जेची परीक्षा झालेलीच नाही. एकदा स्वतःच्या आणि एकदा सगूच्या नावाने रत्नाच पास झाली होती.

यंत्राने ही चूक पकडली कशी नाही? कारण तसं पकडायला कायद्याने बंदी होती. आदिवासींचं रक्त परस्पर विकलं गेल्याची प्रकरणं मध्यंतरी गाजली, तेव्हापासून त्यांच्या नमुन्यांची जनुकीय ओळख पटवणं हाच गुन्हा ठरला होता. नळीवर नंबर असेल तो खरा. कायदा भल्यासाठीच केला होता.

मैनाला खरी चीड आली ती स्वतःची. रक्त घ्यायच्या आदल्या दिवशी तिने चावडीत सगळ्यांना समजावलं होतं, की प्रत्येकाला वेगळं विचारणार, आणि प्रत्येकाला नाही म्हणायचा हक्क आहे. पोडाचा प्रमुख पैकू नाईक तेव्हा मनापासून हसला होता. "बाई, चावडीनं हो म्हटल्यावर नाही कोन म्हनंन?" सगळे हसले आणि मैनाही हसली. दुसऱ्या दिवशी सगू दिसत नाही हे तिने पाहिलं होतं. कुठे आहे हेही तिला मनातून ठाऊक होतं. पण बाहेरच्या खोपडीची गोष्ट नागपूरच्या लोकांसमोर काढायची तिला लाज वाटली. यादीतल्या नऊही नावांपुढे खुणा झाल्या तेव्हा तिने सुटकेचा श्वास टाकला आणि पुढचं विचारलंच नाही.

सगूची सुई सोमवारी होती, आणि लेखी कारण दिल्याशिवाय ती पुढे ढकलता येत नव्हती. मैना प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर नसीम तांबोळींच्या खोलीत गेली.

तांबोळी मॅडम कारंज्याच्या पानवाल्याची मुलगी. त्यांना त्यांच्या तरुणपणी एका प्राध्यापकांनी प्रेमाने सांगितलं होतं, "तू शाळेत शिकव, संशोधन हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे." त्या 'आपल्यासारख्यां'त प्राध्यापक स्वतः नव्हते. मॅडमनी पुढे संशोधनात नाव काढलं आणि 'पायवाट' सुरू केली. ज्या समाजांतून आजवर कुणी प्रयोगशाळेचं दार ओलांडलं नाही, तिथली पदवीला शिकणारी मुलं निवडायची, त्यांच्या राहण्याजेवणाची सोय करायची आणि त्यांना थेट शास्त्रज्ञांच्या शेजारी कामाला बसवायचं. पारध्यांचा एक मुलगा, कातकऱ्यांची एक मुलगी, मालेगावच्या मागवाल्याची एक, अशी पंधरा पोरं. मैना त्यांतलीच एक. "मी काटे तुडवत आले," मॅडम म्हणायच्या, "तुम्हाला काटे नकोत. दगड चालतील."

मैनाने सगळं सांगितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. रत्नालाही यात काय बिघडलं ते कळलेलं नाही."

"नियम माहीत आहे ना? एक नमुना खोटा निघाला, तर त्या वस्तीचा सगळा गट बाद. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला किमान दोन वर्षं."

"हो, मॅडम."

"सगुणा कशी आहे?"

"प्लीहा निकामी झालीय. पावसाळ्यात दोनदा छातीत भरलं. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, हिवाळा काढेल याची खात्री नाही."

मॅडम म्हणाल्या, "पुढच्या पंधरवड्यात पायवाटेचं परीक्षण आहे. समितीतल्या एका गृहस्थांनी आधीच लिहून ठेवलंय, की ही मुलं आपल्याच माणसांच्या नमुन्यांवर काम करतात, यांच्या हातून शिस्त पाळली जाणार नाही. तू हे बोललीस, की त्यांना आयतंच कोलीत मिळेल. तुझ्यामागून येणारी पोरं दारातूनच परत जातील. शंभरात तिघांच्याच चिपवर बिघाड दिसतो. सत्त्याण्णव साफ निघतात."

"म्हणजे मी गप्प बसू?"

"असं मी म्हटलेलं नाही."

"मग काय करू ते तरी सांगा, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या एकदम म्हाताऱ्या दिसू लागल्या. "मैना," त्या म्हणाल्या, "तू आज मला भेटली नाहीस."

मैना हुकूम मागायला गेली होती. मॅडमनी निर्णय तिच्याच गळ्यात घातला. तिला संताप आला. पण खरं सांगायचं तर त्या संतापाखाली तिला हायसंही वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याबद्दल तिने स्वतःला पुढे कधी क्षमा केली नाही.

ती गप्प राहिली. नऊ माणसांची दुखणी, पंधरा पोरांची वाट, आणि बहिणीचा हा हिवाळा. तागडीच्या दुसऱ्या पारड्यात होते शंभरातले तीन. कुणीही हेच केलं असतं, असं तिने मनाला बजावलं.

एक गोष्ट मात्र तिने केली. सोमवारी आरोग्य केंद्रात सुई देण्याआधी तिने स्वतः सगूच्या दंडाला पट्टा बांधला आणि एक नळी रक्त काढलं.

"सुईच्या आंधी अजून सुई काहून?" सगूने विचारलं. सोळा वर्षांची पोरगी, पण अंगाने बारा वर्षांची दिसायची.

"मोजायले."

"तुहं मोजनं कधी सरंन का, ताई? बरी झाली का मीच येतो तुह्या नागपूरले. तुलेच मोजतो." आणि ती हसली.

सगू बरी झाली. नुसती बरी नाही, टवटवीत झाली. तिने हिवाळा काढला, उन्हाळ्यात विहिरीवरून डोक्यावर घागर आणली, आणि दसऱ्याला पोडातल्या बायांबरोबर पाय दुखेपर्यंत नाचली. त्या दिवशी तिचे पाय इतर बायांचे दुखले तसेच दुखले, म्हणून आई चुलीपाशी बसून रडली. बाकीचे आठही सुधारले. पेपरात फोटो आला: मधे तांबोळी मॅडम, दोन्ही बाजूंना आत्राम बहिणी. परीक्षण पार पडलं. समितीतल्या त्या गृहस्थांनी मैनाशी हस्तांदोलन केलं, आणि पायवाटेच्या जागा पंधराच्या तीस झाल्या.

आणि इकडे नागपुरात, मागच्या खोलीतल्या जुन्या उबवणी पेटीत, सगूच्या खऱ्या रक्ताची चिप मैनाने कुणाला न सांगता वाढवली होती आणि तिलाही तेच इंजेक्शन दिलं होतं. तिच्यावर नंबर नव्हता. सहा आठवडे तीही साफ होती. मैना रोज बघायची आणि रोज थोडी थोडी सैल व्हायची. सातव्या आठवड्यात डाव्या कडेला पेशींचा एक पुंजका दिसला, गर्द, दाटीवाटीचा. दोन दिवसांत तो दुप्पट झाला. मैनाने चाचणी तीनदा केली. पहिल्या वेळीच तिला कळलं होतं.

शंभरातल्या तिघांपैकी एक तिची सगू होती. सात आठवडे, म्हणजे सात वर्षं.

कुणाला सांगायचं? दिलेली सुई परत काढता येत नाही. बेताल पेशी अंगात प्रत्यक्ष दिसेपर्यंत इलाज सुरू करता येत नाही, आणि दिसल्यावरचा इलाज दहात दोघांना लागू पडतो. सांगितलं तर हसत्याखेळत्या पोरीच्या गळ्यात आजच दोर बांधल्यासारखं होईल. मैनाने ठरवलं, त्या दिवसाच्या आत आपण औषध शोधायचं. पदवी झाल्यावर तिने पीएचडीला हाच विषय घेतला: बेताल झालेली पेशी आवरायची कशी. लोकांना वाटलं, केवढी महत्त्वाकांक्षी मुलगी! सगूच्या पेशी ती गोठवून ठेवायची, दर काही महिन्यांनी जागवायची, नवीन औषध घालून बघायची. पेशी दरवेळी सातव्या आठवड्यात बेताल व्हायच्याच. कधी एखाद्या औषधाने त्या दोन-तीन दिवस थबकायच्या. त्या दोन-तीन दिवसांवर मैना पुढचे दोन-तीन महिने जगायची.

पोडावर जाणं तिने कमी केलं. सगू समोर हसत उभी राहिली, की मैना मनात वर्षं वजा करू लागायची. आई फोनवर म्हणायची, "मोठी शास्त्रज्ञ झाली तं घर इसरली." मैना ऐकून घ्यायची. बहिणीला जीव लावायची तिच्याकडे एकच रीत उरली होती, आणि ती कुणाला दाखवता येत नव्हती.

पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

तीन वर्षांनी पायवाटेच्या निवड यादीत सगुणा दौलत आत्राम हे नाव आलं. पायवाटेच्या औषधाने बरी झालेली मुलगी आता पायवाटेवरून चालत आली. तांबोळी मॅडमना तर आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या मैनाकडे मात्र बघत नव्हत्या. त्या जुन्या दिवसाबद्दल दोघी एकमेकींशी कधीच बोलल्या नव्हत्या.

सगू हुशार निघाली. पेशी ओळखायला इतरांना महिना लागतो, ती आठवड्यात शिकली. मैनाने तिला मुद्दाम दुसऱ्या मजल्यावरचं काम लावून दिलं. पण नव्या पोरांनी आळीपाळीने सगळ्या चिपांना खुराक घालायचा असा रिवाज होता, आणि एका दुपारी पाळी सगूची आली. मैना बैठकीला गेली होती. परत येते तो मागच्या खोलीचं दार उघडं. जुन्या पेटीतला ट्रे बाहेर होता आणि सगू सूक्ष्मदर्शकावर वाकली होती.

"ताई, या चिपेवर नंबरच नाही," ती डोळा न काढता म्हणाली. "तरी म्या म्हटलं, उपाशी काहून ठेवा. हे डाव्या बाजूनं पाह्य बरं. या पेशी बिघडल्या वाटते. कोनाची होय ही?"

मैना उंबऱ्याशीच थांबली. या प्रश्नाची उत्तरं तिने कितीदा घोटून ठेवली होती. उंदराच्या पेशी आहेत. विकत आणलेल्या आहेत. जुना नमुना आहे, नाव हरवलंय. कुठलंही चाललं असतं. घरातल्या एकाने उत्तर दिलं की घराचं उत्तर झालं. आजवर सगूच्या वतीने सगळ्यांनी हेच केलं होतं. रत्नाने रक्त दिलं, चावडीने होकार दिला, मैनाने मौन दिलं.

"तुही," मैना म्हणाली.

सगूचा हात फोकसच्या चाकावर थांबला.

"माही तं नऊ नंबरची होती. साफ निंगाली होती."

"ते रत्नाचं रक्त होतं. तू त्या दिवशी बाहेर बसली होती."

"हो." सगूला आठवलं. ती ओठ हलवत हळूच मोजू लागली. लहानपणी मैनाने पाढे शिकवले तेव्हाही तिचे ओठ असेच हलायचे. "कोनत्या आठवड्यात बिघडते?"

"सातव्या."

"तीन वर्सं गेली." सगूने डोळा वर केला. ती रडत नव्हती. मैनाच्या डोळ्यांना मात्र खळ नव्हता. "कोना-कोनाले ठाऊक होतं, ताई?"

"बिघडली ते फक्त मले. औषध शोधून रायली मी, सगू. रोज शोधून रायली. दोन-तीन दिवस थांबवता येते आता. तुह्या पेशी हाताशी पाहिजेत फक्त. पुढंही पाहिजेत, लय पाहिजेत." बोलता बोलता मैनाला जाणवलं, की तीन वर्षांत एक प्रश्न तिने केलाच नव्हता, आणि त्यासाठी हीच वेळ उरली होती. "वापरू ना मी?"

सगूने चिप सूक्ष्मदर्शकाखालून काढून ट्रेमध्ये ठेवली.

"नाही," सगू म्हणाली.

मोहदरा पोडातल्या कुणाच्या तोंडून असा नकार मैनाने आज पहिल्यांदा ऐकला. तो उच्चारायचा हक्क तिनेच चावडीत सगळ्यांना समजावून दिला होता.

"सगू, ऐक तरी..."

"तू जाय बाहेर. मले याईले खुराक घालायचा आहे."

सगूने चिकटपट्टीचा एक कोरा तुकडा फाडला, त्यावर नंबर न घालता स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि चिपच्या कडेला चिकटवलं. मग हातमोजे बदलून ती खुराकाची नळी उघडू लागली. मैना उंबऱ्याबाहेर गेली. दार आतून लागलं. ती तिथेच भिंतीशी खाली बसली, आणि आतून आपल्याला कुणी हाक मारतंय का, याची वाट बघत राहिली.